पाय तोडण्यापासून पाय वाचविण्यापर्यंत

जैन परंपरेने सांगितलेल्या चतुर्विध दानात औषधदानाला आहारदानाच्या बरोबरीचे स्थान आहे. रोग्याला योग्य वेळी योग्य वैद्यापर्यंत पोहोचविणे हाही औषधदानाचाच भाग होय. हाडांच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास पाहता या गोष्टीचे मोल विशेष जाणवते.

ऑस्टिओसार्कोमा हा हाडांचा कर्करोग बहुधा १० ते २० या वयात, वाढत्या मुलांच्या गुडघ्याजवळ उद्भवतो. १९७० पर्यंत त्यावर एकच इलाज होता : पाय मांडीतून कापणे. एवढे करूनही पाचांपैकी चार रुग्ण रोग फुप्फुसात पसरून काही वर्षांतच दगावत. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा पाय १९७७ साली वयाच्या १८ व्या वर्षी असाच कापावा लागला. कृत्रिम पायावर १४३ दिवस धावून त्याने कर्करोग संशोधनासाठी निधी जमविला; १९८१ मध्ये त्याचे निधन झाले.

रोगग्रस्त हाड काढून त्या जागी धातूचा भाग बसविण्याचा प्रयोग अमेरिकेत मूर व बोलमन यांनी १९४० मध्येच केला होता. परंतु शरीरात पसरणाऱ्या रोगावर औषध नसल्याने त्याला मर्यादा पडत. १९७० नंतर केमोथेरपी आली. तेव्हा रुग्णाच्या मापाचा सांधा घडवून यायला कित्येक आठवडे लागत. त्या काळात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी औषधे सुरू केली आणि शस्त्रक्रियेपूर्वीच गाठीतील पेशी मरतात असे आढळले. नाइलाजाने थांबावे लागल्यामुळे सापडलेली ही रीत पुढे जगभर रूढ झाली. पाय वाचविल्याने रुग्णाच्या आयुष्याला अधिक धोका होत नाही, हेही १९८६ च्या अमेरिकन पाहणीने दाखवून दिले.

महाराष्ट्रात हे कार्य परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वाढले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. अडचण शस्त्रक्रियेच्या कौशल्याची नव्हती, पैशाची होती. परदेशी सांधा लाखांच्या घरात जाई. शेतकरी कुटुंबाला त्यापेक्षा पाय गमावणेच परवडे. चेन्नईत डॉ. मयिलवाहनन नटराजन यांनी १९८८ पासून देशी सांधे वापरले. मुंबईत डॉ. अजय पुरी, डॉ. मनीष अगरवाल आदींनी देशी बनावटीच्या स्वस्त सांध्याचा पाठपुरावा केला. टाटा रुग्णालयात १९८८ मध्येच ऊतीपेढी स्थापन झाली. तेथे दान मिळालेले हाड किरणोत्साराने निर्जंतुक करून ठेवतात. काही रुग्णांचे तर स्वतःचेच हाड बाहेर काढून, किरणांनी त्यातील कर्करोग मारून पुन्हा जागेवर बसविले जाते.

सर्वांचाच पाय वाचतो असे मात्र नाही. अशांसाठी १९६८ मध्ये सिद्ध झालेला जयपूर फूट आधार ठरला. तो गरिबांपर्यंत विनामूल्य नेणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती भगवंतांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवी वर्षात, १९७५ मध्ये स्थापन झाली, ही समाजाला भूषणावह बाब होय.

पूर्णा नदीकाठच्या सिद्धेश्वर धरण परिसरातून किंवा शिरड शहापूरहून मुंबई गाठायची तर आधी परभणी, मग रात्रभराचा रेल्वेप्रवास. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. परंतु खरा उशीर प्रवासात होत नाही. तो घरातच होतो. मूल खेळताना पडले असेल, मुरगळले असेल, असे म्हणून गुडघा चोळला जातो, लेप लावले जातात. त्यात महिने जातात, शिवाय चोळल्याने गाठीला अपाय होण्याची भीती असते. रात्री वाढणारे, विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे आणि हळूहळू वाढणारी सूज दिसताच साधा क्ष-किरण फोटो काढला, तर बहुधा रोगाचा सुगावा लागतो.

दुसरा धोका तपासणीसाठी तुकडा काढताना संभवतो. ज्या मार्गाने सुई गेली, तो मार्ग पुढे गाठीसोबतच काढून टाकावा लागतो. भलत्या जागी वा आडवा छेद घेतला गेला, तर वाचू शकणारा पायही कापावा लागू शकतो. म्हणून जेथे पुढची शस्त्रक्रिया व्हायची, त्याच रुग्णालयात ही तपासणी करून घेण्याचा आग्रह तज्ज्ञ धरतात.