पटावरचे देव आणि गदाधारी पुजारी



गेल्या दिवाळीत माझा नातू हैदराबादहून आदिलाबादला आला, तो तीन मित्र घेऊन. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा मांडून ही मुले रात्री दोन-दोनपर्यंत बसत. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. वार लागला की हुकला हे फासा ठरवतो. नातू म्हणाला, “आजोबा, मी यात क्लेरिक आहे. देवाचा पुजारी. तुमच्यासारखाच, जखमा बऱ्या करतो.” मी सुखावलो.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी त्याच्या टॅबवर या खेळाचे एक जुने पुस्तक पाहिले. त्यात इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू, आणि प्रत्येकापुढे त्याच्या प्राणाचा आकडा. तेवढे घाव बसले की देव संपला! “हा खेळ या घरात नको,” त्या म्हणाल्या. निवाडा माझ्याकडे आला. त्यासाठी जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हा खेळ 1974 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी प्रसिद्ध झाला. कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन. क्लेरिकचा जन्म मात्र त्याआधी, अर्नेसनच्या घरगुती खेळात झाला, आणि तो भक्तीतून नव्हे, निकडीतून. एका खेळाडूचे पात्र व्हॅम्पायर झाले आणि कोणालाच आवरेना. तेव्हा त्या काळच्या भयपटांतल्या व्हॅम्पायर मारणाऱ्याच्या धर्तीवर एक पुजारी उभा केला गेला. छापील नियमांत त्याला धारदार शस्त्र वर्ज्य, हाती गदा. गंमत अशी की पहिल्या पायरीवर त्याला एकही मंत्र मिळत नसे. आमच्याकडेही नव्या डॉक्टरला पहिली काही वर्षे कोण विचारतो?

देव नंतर आले. 1976 च्या पुस्तिकेत निरनिराळ्या पुराणांतले देव आकड्यांसह छापले. प्रस्तावनेतला हेतू वेगळाच होता: अतोनात बलाढ्य झालेल्या पात्रांना त्यांची पायरी दाखवणे. पण आकडा दिसला की खेळाडू तो उतरवायला बघणारच. ओडिनला 300 दिले, तर 300 घाव घालायची तयारी सुरू! 1980 चा मोठा ग्रंथ याच वाटेचा. आमच्या घरी वाद पेटला तो याच्यावरून. त्याच दशकात अमेरिकेतल्या धार्मिक मंडळींनीही या खेळाला सैतानी ठरवले, म्हणजे सौभाग्यवती एकट्या नाहीत.

पण देवाची भूमिका घेणे म्हणजेच अवमान, हे मला पटेना. त्याच दिवसांत इंद्रवेल्ली-उटनूरकडे गोंडांची दंडारी चालू होती. मोरपिसांचा टोप आणि अंगाला राख लावलेला गुसाडी त्या दिवसांत देवच मानला जातो. आजारी माणसे त्याचा सोटा अंगाला लावून घेतात. तो व्रतस्थ असतो, दंडारी संपेपर्यंत आंघोळ करत नाही. मार्लवाईच्या कनक राजूंना याच नृत्यासाठी 2021 ची पद्मश्री जाहीर झाली. त्याला कोणी अवमान म्हणत नाही.

मग खटकते ते काय? याचे उत्तर मला आमच्याच पटावर सापडले. सापशिडी आपण ज्ञानेश्वरांच्या नावे सांगतो. ती परंपरा आहे, समकालीन पुरावा नाही. जपून राहिलेले पट प्रामुख्याने 18व्या-19व्या शतकांतले. वैष्णव पट बहुधा 72 घरांचा, आणि तिथे पोचायचे ते वैकुंठाला; देव हेच मुक्कामाचे ठिकाण. जैनांची ज्ञानबाजी बहुधा 84 घरांची. तळाशी नरक, मध्ये मनुष्यलोक, वर देवलोक, आणि माथ्यावर सिद्धशिला. पर्युषणात श्रावक ही बाजी खेळत. आमचे घराणे मारवाडातून इकडे आले, पण पट काही बरोबर आला नाही. मी तो छापील चित्रांतच पाहिला.

या पटावर देवलोक हे वाटेवरचे घर आहे. आमच्या शास्त्राप्रमाणे देवाला दीक्षा घेता येत नाही, चौथ्या गुणस्थानापुढे तो जात नाही, आणि आयुष्य सरले की खाली यावेच लागते. सर्वार्थसिद्धीतल्या देवालाही मोक्षासाठी एकदा माणूस व्हावे लागते. म्हणजे इंद्राला मर्यादा घालणारे अमेरिकन पहिले नव्हेत. फक्त आमच्याकडे त्याला कोणी मारत नाही, त्याचे पुण्य संपते. आणि कोणत्याही घरातला देव खेळाडूला वर ओढत नाही. ज्याची त्याची कवडी, ज्याचे त्याचे कर्म. क्लेरिकला या पटावर कामच नाही.

हे मी घरी ऐटीत सांगितले. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “मग दवाखान्यात नाकोडा भैरवजींची तसबीर कशाला?”

खरे आहे. तीर्थंकर काही देत नाहीत, म्हणून देणारे भैरव आणि पद्मावती आम्ही जवळ ठेवले. आमच्याकडे यतीही होऊन गेले: उपाश्रयात राहणारे, ज्योतिष सांगणारे, मंत्र घालणारे आणि नाडी पाहून औषध देणारे. गदा सोडली तर क्लेरिकच! शास्त्राच्या पटावर ज्याला जागा नव्हती, त्याला आजाऱ्यांनी दारातून आत घेतले. ज्वराने फणफणलेल्या मुलाची आई गुणस्थाने मोजत बसत नाही, हे चाळीस वर्षे गोळ्या देताना मी पाहिले आहे.

खेळ घरात राहिला. देवांच्या आकड्यांचे पुस्तक मात्र उघडायचे नाही, असे ठरले. पुढे नातवाला 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत एक सवलत सापडली: क्लेरिकने कोणताच देव न मानता केवळ एखादे तत्त्व धरले तरी चालते. त्याने तसा क्लेरिक केला. गोष्ट चालवणारा मुलगा आता विचारतो, देव नाही, तर तुझ्या हाताला गुण येतो कुठून? नातवाने तो प्रश्न माझ्याकडे पाठवला आहे. भैरवजींच्या तसबिरीखाली बसून मी त्याला अजून उत्तर लिहिलेले नाही.