मिठाचा कर आणि घाटावरची सरहद्द

गोव्याच्या आगरात पिकलेले मीठ एके काळी लमाण्यांच्या बैलांवरून घाट चढून बेळगाव-धारवाडकडे येत असे आणि परतीच्या खेपेला तेच बैल देशावरचे धान्य घेऊन खाली उतरत. या मिठावर सरकारने बसविलेल्या कराची हकिकत आपण गांधीजींच्या १९३० च्या दांडीयात्रेपासून सांगू लागतो. पण त्याआधीची पन्नास वर्षे पाहिली, तर कराच्या धोरणात सामान्य माणसाच्या व्यवहाराचा हिशेब न धरल्याने काय होते, याचा धडा तेथे मिळतो.

सरकारी खात्याचा हिशेब सोपा होता. मीठ सर्वांनाच लागते. भाव वाढला म्हणून कोणी आळणी जेवत नाही. तेव्हा कर वाढवावा, म्हणजे खप तेवढाच राहून उत्पन्न वाढेल. मुंबई इलाख्यात मणामागे १ रुपया १३ आणे असलेला कर १८७८ साली २ रुपये ८ आण्यांवर नेला, तो याच भरवशावर. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. वर्षाला माणशी पाच किलो मीठ धरले, तर पाच माणसांच्या घराला केवळ कर म्हणून दीड रुपयाच्या वर द्यावे लागत. दिवसाला अडीच आणे मिळविणाऱ्या मजुराची ही दहा दिवसांची कमाई झाली.

पण जिन्नस एका बाजूला स्वस्त आणि दुसऱ्या बाजूला महाग झाला, की तो वाट शोधतोच. उत्तर हिंदुस्थानात संस्थानी मीठ आत येऊ नये म्हणून सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैलांची जकातीची रेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागात काटेरी झाडांचे कुंपण वाढविले होते आणि राखणीला बारा हजारांच्या आसपास माणसे होती. पुढे सांभर सरोवराचे मीठच ताब्यात घेऊन आणि प्रांतोप्रांतीचे दर जवळ आणून १८७९ साली ही रेषा मोडली. इकडे गोव्याचे दार मात्र उघडे होते. ते बंद करण्यासाठी पोर्तुगालशी १८७८ च्या डिसेंबरात करार झाला. तो १८८० पासून बारा वर्षे चालला. इंग्रजांना गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ताबा मिळाला आणि पोर्तुगीज सरकारला सालीना चार लाख रुपये. याच करारातून मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले.

चार लाख सरकारजमा झाले. भाववाढ मात्र गोव्याच्या घरोघरी गेली. समुद्राकाठी राहून ज्यांनी मिठाचा तुटवडा कधी पाहिला नव्हता, त्यांना आता ब्रिटिश मुलखातला कर भरून मीठ घ्यावे लागले. आगरवाल्यांच्या धंद्यावर परक्या खात्याची देखरेख आली. १८९२ साली मुदत संपली, करार पुन्हा झाला नाही, आणि सरहद्दीवर जकातीची नाकी परत उभी राहिली.

खात्याच्या हिशेबातली चूक कोठे होती? मीठ फक्त आमटीत पडत नाही. कोकण-कारवारकडे ते मासळी खारवायला लागते, देशावर गुरांना चारतात. माणूस स्वतःच्या पानातले मीठ सोडणार नाही, पण गुरांचे कमी करील. मीठ महागले की कोळ्याला मासळी खारविणे परवडत नाही आणि ती वाया जाते. अखेर सरकारलाच किनाऱ्यावर मासळी खारविण्याचे अड्डे काढून तेथे सवलतीचे मीठ द्यावे लागले. ज्याला आज अर्थशास्त्रात मागणीची लवचीकता म्हणतात, ती कल्पना केंब्रिजच्या मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात मांडली. एकाच जिनसाची लवचीकता उपयोगागणिक आणि घरागणिक वेगळी असते, हे कोळणीला आणि गुराख्याला मात्र ग्रंथावाचून ठाऊक होते.

हाच व्यवहार आकड्यांच्या भाषेत सरकारपुढे ठेवला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ते या करावर बोलले, आणि १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी त्यांनी तो विषय सोडला नाही. १८८२ मध्ये कर दोन रुपयांवर आला तेव्हा खप वाढला होता, १८८८ मध्ये तो पुन्हा अडीच रुपये झाल्यावर ती वाढ खुंटली, हे त्यांनी दाखविले. खप खुंटणे म्हणजे गरिबाच्या तोंडचे मीठ कमी होणे, हा त्यांचा मुद्दा होता. कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. खप वाढला. पुढे तो पुन्हा चढला-उतरला आणि १९४७ साली रद्द झाला.

आपण सरहद्दीवरची माणसे. दोन बाजूंच्या दोन भावांचा अर्थ आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. दारू आणि पेट्रोल यांवर प्रत्येक राज्याचा कर आजही निराळा आहे आणि गाडीची टाकी कोठे भरावी हे चालक दर पाहूनच ठरवितो. कर ठरविणाऱ्याने तिजोरीत काय आले याबरोबर लोकांनी काय घेणे सोडले, हेही मोजावे, एवढीच गोखल्यांची मागणी होती. त्या दुसऱ्या मोजणीला सरकारदरबारी रकाना नव्हता. तो उघडायला त्यांना वर्षानुवर्षे बोलावे लागले.