शब्दांवाचून हसू : शि. द. फडणीस

मंडळी, इथं अकलूजला बसलेल्या आपल्यातल्या कित्येकांना शि. द. फडणीस आधी भेटले ते बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातल्या चित्रांतून. नाव नंतर कळलं. जन्म १९२५चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. १९५२च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आठवा. बसथांब्यावर तरुण आणि तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. खाली अक्षरही नाही! १९५६ला भोज म्हैसूर राज्यात गेलं. सीमेचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच सीमाभागातल्या माणसानं भाषाच लागत नाही असं हसू काढलं. त्याला ‘नुसतं व्यंगचित्र’ म्हणून चित्रकलेच्या इतिहासात कडेला बसवलं, तर चूक आपली आहे.