एका दिशादर्शकाचा शोध

दुसऱ्या महायुद्धात आपल्यापैकी कोण लढले, असा प्रश्न निघाला म्हणजे मराठा पलटणींची नावे चटकन ओठांवर येतात. परंतु रात्रीच्या काळोखात जर्मनीवर जाणाऱ्या अवजड बाँबफेकी विमानांतही आपल्या मुलखातील एक तरुण होता, हे पुष्कळांस ठाऊक नाही. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे त्याचे नाव. त्याच्या निमित्ताने अशा तरुणांचे चरित्र कसे शोधावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

सुखठणकर वैमानिक नव्हते; ते नॅव्हिगेटर, म्हणजे दिशादर्शक होते. लँकेस्टर विमानात सात माणसे असत. त्यांपैकी दिशादर्शक पडद्याआड लहानशा दिव्याच्या उजेडात नकाशा पसरून बसे आणि वेग, वारा व वेळ यांचे गणित मांडून विमानाचा मार्ग ठरवी. त्या गणितात चूक झाली तर सातही जीव धोक्यात येत. कीर्ती मात्र बहुधा वैमानिकाच्या वाट्यास येई. म्हणून संशोधकाने केवळ वैमानिकांच्या याद्या चाळून थांबू नये.

सुखठणकरांनी एकंदर ४५ मोहिमा पार पाडल्या. त्यांपैकी १४ मोहिमा त्यांनी आर ५८६८ या क्रमांकाच्या लँकेस्टरमधून केल्या. १९४२ साली सेवेत आलेले हे विमान १३७ मोहिमा करून सुखरूप राहिले आणि १९७२ पासून लंडनच्या हेंडन येथील विमानदलाच्या संग्रहालयात उभे आहे. या आकड्यांचे मोल कळण्यासाठी दुसरे आकडे पाहावे लागतात. त्या काळी ३० मोहिमा पूर्ण झाल्या की सेवेचा पहिला फेरा संपे. ब्रिटिश बाँबफेकी दलाच्या सुमारे १,२५,००० उड्डाणसैनिकांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले.

असे आकडे मिळतात कोठून? प्रत्येक स्क्वाड्रनची मोहीमवही असे. तीत तारीख, विमानाचा क्रमांक, सर्व सहकाऱ्यांची नावे, उड्डाणाची व परतीची वेळ आणि लक्ष्य यांची नोंद होई. या वह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. जे परतले नाहीत त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदवह्यांत सापडतात. आपली आडनावे इंग्रजीत अनेक प्रकारे लिहिली जातात, तेव्हा शोध घेताना ती सर्व रूपे तपासावीत.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आपल्याच विदर्भात चिमूर व आष्टी येथील लोक परकीय सत्तेविरुद्ध प्राणपणाने उठले; त्याच वर्षांत काही भारतीय तरुण त्या सत्तेचा गणवेष घालून हिटलरशी झुंजत होते. शिवाय त्या बाँबफेकीत १९४३ साली हँबर्ग शहरात हजारो निरपराध माणसे होरपळून मेली. आमच्या मते चरित्रकाराने यांतले काहीही झाकू नये. कोणास वीर ठरविण्याची वा कोणास दोषी ठरविण्याची घाई न करता, विशी-पंचविशीतला तो मुलगा काय समजून घरातून निघाला हे आधी पाहावे.

आणि हेच नेमके सरकारी वहीत मिळत नाही. विमान किती वाजता उडाले हे वही सांगते. आईला त्याने काय लिहिले हे घरातली ट्रंकच सांगेल. आज आपल्या रामदासपेठेत जुने बंगले पाडून सदनिका उभ्या राहत आहेत, आणि घर आवरताना जुने कागद सर्वांत आधी रद्दीत जातात. आपल्या घरी युद्धकाळातील पत्रे, उड्डाणवही, पदक वा मागे नाव नसलेले छायाचित्र असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांस विचारून त्यावर नाव, नाते व वर्ष आजच लिहून ठेवावे. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. एवढे काम प्रत्येक कुटुंबाने मनावर घेतले, तर पुढील संशोधकास दिशा सापडेल, अशी आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे.