‘मोड’ : पुण्याच्या तांब्यापितळेचा प्रवाह आणि शब्दांची साक्ष

धातूंच्या व्यवहाराचा इतिहास लिहिताना बहुधा खाणीपासून आरंभ करतात व कारखान्यापाशी थांबतात. पुणे शहराच्या बाबतीत हा क्रम लावू गेल्यास आरंभच हाती लागत नाही. शहराभोवतालचा प्रदेश बसाल्ट खडकाचा असून त्यात तांबे, कथील व जस्त यांपैकी कशाचीही खाण नाही. तथापि कसबा पेठेत तांबट आळी वसली आणि हंडे, घंगाळी, बंब यांनी घरे भरली. हा धातू कोठून आला व पुढे कोठे गेला, हे ठरविताना कागदपत्रांच्या जोडीला व्यवहारातील शब्दांचीही साक्ष काढणे अगत्याचे आहे.

धातूची ही टंचाई फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे दगडी पात्यांचे वैपुल्य असून तांब्याच्या वस्तू त्या मानाने मोजक्याच आहेत. तांबे बाहेरून आणावे लागे व जपून वापरावे लागे, असा याचा अर्थ होतो.

ऐतिहासिक काळातही पुरवठ्याचे मार्ग दूरचेच राहिले. सतराव्या शतकात डच कंपनी नागासाकी बंदरातून जपानी तांबे उचलून सुरत व कोरोमंडल किनारा येथे विकीत असे. १७१५ साली जपानने या निर्यातीवर कडक मर्यादा घातली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कंपनी ब्रिटनमधील तांबे मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात आणू लागली. कथलाची वाट तर शब्दांतच उमटली आहे. ‘कथील’ हा शब्द संस्कृत ‘कस्तीर’ यापासून आला असून ‘कस्तीर’ शब्दाचे नाते ग्रीक ‘कास्सितेरोस’ या शब्दाशी आहे. ‘कल्हई’ हा शब्द अरबी ‘कलई’ यावरून आला. अरबीत तो कथलाचा वाचक असून मलाया द्वीपकल्पातील कलाह या स्थलनामाशी त्याचा संबंध जोडतात. पुण्यातील गृहिणी पातेल्याला कल्हई लावून घेई, तेव्हा एका दूरच्या बंदराचे नाव तिच्या तोंडी येत असे.

कारागिरांच्या नावांतही असाच इतिहास आहे. ‘तांबट’ म्हणजे ताम्रकुट्ट, तांबे ठोकणारा; ‘कासार’ म्हणजे कांस्यकार. ठोकणे हेच तांबटाचे मुख्य कर्म होते व मठारकामाच्या रूपाने ते आजही दिसते. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाल्यावर मुंबई बंदरात उतरलेला विलायती पत्रा पुण्यास आणणे सुलभ झाले. यंत्राने लाटलेला पत्रा हाती आल्यामुळे लगडीपासून पत्रा ठोकून काढण्याचे श्रम वाचले. परंतु कच्च्या मालासाठी तांबट व्यापाऱ्यावर अधिक अवलंबून राहिला.

परंतु बाहेरून येणारा धातू हा प्रवाहाचा एक भाग झाला. दुसरा भाग शहरातच फिरत होता, व त्याचे नाव ‘मोड’. ‘मोडणे’ या क्रियापदापासून सिद्ध झालेले हे स्त्रीलिंगी नाम जुन्या, फुटक्या भांड्यांचा वाचक आहे. गृहस्थ मोड घेऊन दुकानी जाई. ती तोलून मोडीचा भाव ठरे. त्यातून घट वजा होई. नव्या भांड्याच्या किमतीत घडणावळ मिळविली जाई. उरलेला फरक तेवढा रोख द्यावयाचा. ‘घट’ हाही अनुभवाने ठरलेला शब्द होय. जुन्या भांड्यावर कल्हई असते, सांध्यांत परका धातू असतो, काजळी असते. पितळ मुशीत आटविताना जस्ताचा काही अंश वाफ होऊन निघून जातो. म्हणून पितळेचा गुण राखण्यास नवे जस्त घालणे भाग पडते. धातू पुन्हा पुन्हा वापरता येतो, परंतु काही नुकसान सोसूनच, हे तत्त्व या एका शब्दात आले आहे.

‘मोड’ या शब्दाचा आणखी एक अर्थ येथे ध्यानात घेतला पाहिजे. रुपयाबद्दल मिळणारा खुर्दा यासही ‘मोड’ म्हणतात. पेशवाईत व त्यानंतरही दीर्घकाळ या खुर्द्यात तांब्याच्या शिवराया असत. अडचणीच्या वेळी ‘दागिना मोडला’ असे म्हणतात, तेव्हा नाशापेक्षा रूपांतराचाच भाव मुख्य असतो. नाणे, दागिना व भांडे या तिहींना एकच क्रियापद लागू पडते. यावरून भांडे हे उपयोगाची वस्तू असतानाच संचयही होते, असे अनुमान निघते. लग्नात मिळालेल्या, नाव घातलेल्या भांड्यांच्या बाबतीत हा संचय पुष्कळदा स्त्रीच्या हातचा असे.

या व्यवहाराने इतिहाससंशोधकापुढे एक अडचण उभी केली आहे. भांडे मुशीत गेले की त्यावरील नाव व साल दोन्ही नाहीशी होतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे व भांडी पाहताना, मोडीतून वाचलेला अल्प अंश आपल्यापुढे आहे, याचे भान ठेवणे जरूर आहे. जे सर्वांत अधिक वापरले गेले, तेच बहुधा उरले नाही.

१९६० नंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टीलने घरातील तांब्यापितळेस मागे सारले. त्याबरोबर ‘मोडीत काढणे’ या प्रयोगाचा ‘निरुपयोगी ठरविणे’ हा अर्थच प्रमुख झाला आणि ‘मोड’ शब्दाच्या जागी ‘भंगार’ हा शब्द रूढ झाला. मोडीला भाव असे, भंगारात तुच्छता आहे. धातूचा प्रवाह मात्र थांबला नाही. तो घरधनिणीच्या हातून कचरावेचक स्त्रीच्या हाती गेला. १९९३ साली पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या नावातच ‘पत्रा’ आहे. लोहेतर धातूंच्या पुनर्वापराची राष्ट्रीय चौकट केंद्र शासनाने २०२० साली जाहीर केली. परंतु या शहरात तो व्यवहार धोरणाच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

तात्पर्य, पुण्यासारख्या शहराचा धातूव्यवहार केवळ आयात व उत्पादन यांच्या आकड्यांवरून मांडल्यास त्याची अर्धी बाजू अंधारात राहते. या शहराची खाण घराच्या माळ्यावर व मोडीच्या तराजूत होती. तेथील व्यवहाराची दप्तरे फारशी उरली नाहीत. शब्द उरले आहेत, आणि तेही आता झपाट्याने अर्थ बदलीत आहेत. जुने अर्थ सांगणारे तांबट व कासार हयात आहेत तोवर त्यांच्याकडून ते टिपून घेणे, हे भाषाभ्यासक व इतिहासाभ्यासक या दोघांचेही तातडीचे काम होय.