स्टेक किती भाजायचा?

सख्यांनो, मटण किती शिजवायचं यावर आपल्या घरांत वाद होत नाही. हाडापासून सुटलं की झालं. फ्रान्स-अमेरिकेत मात्र गोमांसाचा जाड तुकडा, म्हणजे स्टेक, मागवला की वाढपी आधी विचारतो, किती भाजायचा? फ्रेंचांचा एक आवडता प्रकार ‘सेन्याँ’. त्याचा अर्थच रक्ताळलेला. आपल्याला शिसारी येईल, पण ताटात उतरणारं ते लाल पाणी रक्त नसतं, मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा तो रंग.

स्टेक बहुधा पाठीच्या कण्यालगतचा, कमी राबलेला भाग. जास्त भाजला की तो वातड होतो. आपण रश्श्याला घेतो ते मांडी-खांद्याचं मांस राबलेलं. त्यातले चिवट धागे बराच वेळ शिजल्यावरच विरघळतात. जसा तुकडा, तशी आवड.

1847 साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सांगितलं, की आधी कडक आच दिली की वरचा थर घट्ट होतो आणि रस आत कोंडला जातो. पाककृतींच्या पुस्तकांनी ते उचललं. 1930च्या दशकात मांस प्रत्यक्ष तोलून पाहिलं, तेव्हा रस तेवढाच जातो असं दिसलं. तरी ती समजूत अजून चालूच आहे! स्वयंपाकघरात पुरुषांचं पुस्तकी ज्ञानही असं टिकतं.

मग 1993 उजाडलं. अमेरिकेच्या पश्चिम भागात एका साखळी हॉटेलांचे कमी शिजलेले बर्गर खाऊन सातशेहून जास्त माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. त्यातल्या सतरा महिन्यांच्या बाळाने बर्गर खाल्लाही नव्हता; पाळणाघरातल्या दुसऱ्या मुलाकडून त्याला लागण झाली.

असं का झालं? जनावर कापताना आतड्यातले ई. कोलाय जंतू मांसाला बाहेरून लागतात. अख्ख्या तुकड्याची बाहेरची बाजू तव्यावर भाजली जाते, आत लाल राहिलं तरी सहसा चालतं. बर्गर मात्र खिम्याचा. खिमा करताना बाहेरचं आत जातं, शिवाय अनेक जनावरांचं मांस एकत्र येतं. वॉशिंग्टन राज्याने बर्गरसाठी 68 अंश सेल्सिअसचा नियम केला होता, तो तिथे पाळला गेला नाही. पोळलेल्या कुटुंबांनी संघटना बांधली, सरकारच्या मागे लागली. 1994 साली ते जंतू असलेला कच्चा खिमा विकणं बेकायदा ठरलं, 1996 साली तपासणीचे नियम बदलले.

आज तिकडचं सरकार खिम्याला 71 अंश सांगतं. अख्ख्या तुकड्याला 63, वर तीन मिनिटं थांबायचं. रंगावर जाता येत नाही, खिमा कधी कधी जंतू मरण्याआधीच तपकिरी दिसतो. म्हणून मांसात टोचायचा थर्मामीटर मिळतो. आपल्या रटरटणाऱ्या रश्श्याला त्याची गरज नाही. जत्रेत सीख कबाब विकणाऱ्या बचत गटाला मात्र तो उपयोगी पडेल.