तळटीप १४ : बम्प स्टॉकवरील बंदी

१४. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये एका हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून खालच्या मैदानातील संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. मृतांची संख्या पुढे ६० झाली. हल्लेखोराच्या अनेक रायफलींना बम्प स्टॉक जोडलेले होते. या दस्त्यामुळे गोळी सुटल्याच्या धक्क्याने रायफल मागेपुढे सरकते, चाप स्थिर बोटावर पुन्हापुन्हा आपटतो आणि निमस्वयंचलित रायफल जवळपास मशिनगनच्या वेगाने चालते.

सिनेटर डायेन फाइनस्टाइन यांनी लगेच बंदीचे विधेयक मांडले. बंदूकधारकांची प्रभावी संघटना एनआरए हिनेही नियमनाची तयारी दाखवली. मात्र कायदा नको, प्रशासकीय नियम पुरे, असा तिचा रोख होता. अमेरिकेतील बहुतेक खून पिस्तुलाने होतात, तेव्हा एका जोडसाधनावरची बंदी केवळ प्रतीकात्मक, हा आक्षेप दोन्ही बाजूंनी घेतला गेला. काँग्रेसने कायदा केलाच नाही. ट्रम्प प्रशासनाचा नियम मार्च २०१९ मध्ये लागू झाला आणि १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला : मशिनगनच्या कायदेशीर व्याख्येत हे साधन बसत नाही, ती व्याख्या बदलणे काँग्रेसचे काम आहे.

लेखकाने या बंदीला ‘निरुपयोगी देखावा’ म्हटले आहे. ते पटत नाही. उपाय अपुरा होता हे खरे. पण तो कोसळला तो लहान असल्यामुळे नव्हे, तर लोकप्रतिनिधींनी स्वतःची जबाबदारी टाळल्यामुळे. – संपा.